उंदीर मोजला, पण मोजणाऱ्याला कुणी मोजलं?

गोष्ट आहे १८४९ सालच्या हिवाळ्यातली. पूर्व प्रशियातल्या क्योनिग्सबर्ग शहरात (आज ते रशियात आहे आणि त्याचं नाव कालिनिनग्राद) हर्मान हेल्महोल्ट्झ नावाचा अठ्ठावीस वर्षांचा प्राध्यापक एक विचित्र उद्योग करत होता. बेडकाच्या पोटरीचा स्नायू त्याने टांगला होता. स्नायूला चिकटलेला मज्जातंतू तसाच लांब सोडला होता. त्या मज्जातंतूला तो विजेचा झटका द्यायचा, स्नायू आखडायचा आणि खाली बांधलेलं वजन किंचित वर उचललं जायचं. नुकतंच लग्न होऊन आलेली त्याची पत्नी ओल्गा शेजारी बसून आकडे टिपून घेत असे.

हेल्महोल्ट्झला मोजायचा होता मज्जातंतूतून धावणाऱ्या संदेशाचा वेग. त्याचे गुरू योहानेस म्यूलर हे त्या काळातले शरीरशास्त्राचे मोठे अधिकारी. हा वेग मोजण्याचं साधन माणसाला बहुधा कधीच मिळणार नाही, असं त्यांनी लिहून ठेवलं होतं. बोट पोळलं की त्याच क्षणी मन ओरडतं, मग मधे वेळ जातोच कुठे, असा सगळ्यांचा समज.

शिष्याने युक्ती काढली ती साधी होती. झटका एकदा स्नायूच्या जवळ द्यायचा आणि एकदा लांब द्यायचा. लांबच्या झटक्याला स्नायू जेवढा उशीर लावेल, तेवढा वेळ संदेशाला मधलं अंतर तोडायला लागला. पण हे अंतर होतं जेमतेम पाच-सहा सेंटिमीटर आणि उशीर होता सेकंदाच्या हजाराव्या भागातला. घड्याळाने हे मोजणं अशक्य. म्हणून त्याने झटक्याबरोबर एक विद्युत्प्रवाह सुरू केला. स्नायूने वजन उचललं की तो प्रवाह तुटे. गॅल्व्हानोमीटरचा काटा किती हलला यावरून मधला वेळ निघे. उत्तर आलं सेकंदाला सुमारे सत्तावीस मीटर. म्हणजे ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास, एखाद्या एक्स्प्रेस गाडीइतका. हवेतला आवाज याच्या दहापटीहून अधिक वेगाने धावतो!

हा शोध शाळेच्या पुस्तकांतही सापडतो. पुस्तकात सापडत नाही ती त्यामागची खरी मेहनत. बेडकाचा स्नायू यंत्रासारखा नसतो. तो थकतो, सुकतो, थंड पडतो. एकच झटका दोनदा दिला तर दोन वेगळे आकडे येतात. मग खरा आकडा कोणता? हेल्महोल्ट्झने एका मोजणीवर विश्वास ठेवला नाही. त्याने पुन्हा पुन्हा मोजलं. दोन्ही ठिकाणच्या झटक्यांना स्नायू सारख्याच जोराने आखडतो की नाही हे पाहिलं. खगोलशास्त्रज्ञ ताऱ्यांच्या जागा ठरवताना चुकांचा हिशेब करण्यासाठी जे गणित वापरत, ते त्याने बेडकाच्या पायाला लावलं. आपला आकडा किती चुकू शकतो, हेही त्याने आकड्यासोबत मांडलं.

तरी लोकांना पटेना. खुद्द त्याच्या वडिलांनाही विचार आणि कृती एकाच क्षणी होत नाहीत ही गोष्ट पचायला जड गेली. तेव्हा पुढच्या दोन वर्षांत त्याने दुसरं यंत्र बनवलं. फिरत्या नळकांड्यावर स्नायू स्वतःच आपली रेघ ओढी. जवळच्या झटक्याची एक रेघ, लांबच्या झटक्याची दुसरी. दोन्ही रेघा हुबेहूब सारख्या, फक्त एक दुसरीपेक्षा थोडी सरकलेली. ते सरकलेलं अंतर म्हणजेच संदेशाला लागलेला वेळ. आता आकडेमोड न कळणाऱ्यालाही तो डोळ्यांनी दिसू लागला.

जनावराचा मज्जातंतू मोजणं अवघड आहे. आपण बरोबर मोजलं हे सिद्ध करणं त्याहून अवघड आहे. पावणेदोनशे वर्षांनंतरही ही अडचण संपलेली नाही. उलट आज तिच्यावर माणसांची आयुष्यं टांगलेली आहेत.

थंड हात, संथ मज्जातंतू

मधुमेहामुळे पायाला मुंग्या येणाऱ्या अनेकांनी एक तपासणी करून घेतलेली असते. हातापायाला हलके विजेचे झटके द्यायचे आणि पडद्यावर उमटणाऱ्या लाटा पाहायच्या. डॉक्टर हिला ‘एनसीव्ही’ म्हणतात. ही हेल्महोल्ट्झच्याच बेडकाची पणती. दोन ठिकाणी झटका, मधलं अंतर, लागलेला वेळ, भागाकार. निरोगी माणसाच्या हातातला वेग साधारण सेकंदाला पन्नास ते साठ मीटर भरतो.

आता यातली गोम पाहा. मज्जातंतू गार पडला की संदेश संथ होतो. तपमान एक अंशाने उतरलं की वेग सेकंदाला दीड ते अडीच मीटरने घटतो. बाहेरच्या थंडीतून आलेल्या किंवा वातानुकूलित खोलीत तासभर बसलेल्या माणसाचा हात पाच अंशांनी गार असेल, तर वेग दहा मीटरने कमी दिसू शकतो. मज्जातंतू ठणठणीत, पण कागदावर आजारी! म्हणूनच चांगला तंत्रज्ञ आधी त्वचेचं तपमान पाहतो आणि गार हात ऊबदार करून मगच यंत्र सुरू करतो.

माणसाची ही कथा, तर उंदराची काय सांगावी? प्रयोगशाळेतल्या उंदराला भूल देऊन टेबलावर ठेवलं की त्याचं इवलंसं अंग झपाट्याने गार पडतं. पहिल्या उंदराची मोजणी पाच मिनिटांत झाली आणि दुसऱ्याची पंचवीस मिनिटांनी, तर फरक औषधाचा की थंडीचा? शिवाय अंतराचा घोळ असतोच. माणसाच्या हातावर वीस-पंचवीस सेंटिमीटर मोजताना दोन मिलिमीटर चुकले तर फार तर एक टक्का फरक पडतो. उंदराच्या पायात मोजायला चारच सेंटिमीटर असतात. तिथे तेच दोन मिलिमीटर पाच टक्के होतात.

आणखी एक गोष्ट. मज्जातंतू म्हणजे एक तार नव्हे, हजारो तंतूंची जुडी असते. पडद्यावरच्या लाटेची सुरुवात पाहून काढलेला वेग हा त्यातल्या सर्वांत चपळ तंतूंचा असतो. निम्मे तंतू मेले आणि चपळ तेवढे वाचले, तर वेग छान दिसेल, पण पाय मात्र लुळा पडलेला असेल. म्हणून जाणकार वेगाबरोबर लाटेची उंचीही पाहतात. किती तंतू अजून काम करताहेत, याचा अंदाज त्या उंचीवरून येतो.

शाईने माखलेले पंजे

विजेचे झटके देण्यापेक्षा जनावराला सरळ चालवून का पाहू नये? तेही केलं गेलं. १९८२ मध्ये लुई द मेदिनासेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक पद्धत मांडली. मोठ्या पांढऱ्या उंदराच्या मागच्या पंजांना रंग लावायचा आणि कागद अंथरलेल्या अरुंद बोळातून त्याला चालू द्यायचं. मग ठसा किती लांब, बोटं किती फाकली, हे मोजून एका सूत्रात घालायचं. उत्तर शून्याच्या आसपास आलं तर पाय ठीक. उणे शंभरच्या आसपास आलं तर पायाचा मुख्य मज्जातंतू पुरता निकामी. १९८९ मध्ये या सूत्रात सुधारणा झाली आणि ते जगभर वापरात आलं.

दुसरी अशीच पद्धत १९७७ ची, एडवर्ड्स आणि पार्कर यांची. पंजांना शाई लावून उंदीर सुमारे एक फुटावरून कागदावर अलगद सोडायचा आणि दोन मागच्या पावलांतलं अंतर मोजायचं. ॲक्रिलामाइड हे कारखान्यांत वापरलं जाणारं रसायन हातापायांच्या मज्जातंतूंना इजा करतं. ते पोटात गेलेला उंदीर तोल सावरण्यासाठी पाय फाकवून पडतो. एक पट्टी, थोडी शाई आणि कागद एवढाच खर्च.

पण उंदीर हा उंदीरच. बोळात तो मधेच थांबतो, मिशा साफ करतो, उलटा फिरतो, शेपटीने ठसा पुसून टाकतो. पाय बधिर झाला की काही उंदीर आपलीच बोटं कुरतडतात. मग मोजायला ठसाच उरत नाही. वरून सोडताना हात किती उंच होता, उंदीर सावध होता की पेंगुळलेला, हा त्याचा पहिलाच अनुभव की पाचवा, या सगळ्यावर आकडा हलतो. शिवाय पुसट ठशाची टाच नेमकी कुठे संपते, हे एकाला एक दिसतं आणि दुसऱ्याला दुसरं.

दोन शिंप्यांच्या टेपा

मग अशा मोजणीवर विश्वास ठेवायचा की नाही, हे ठरवायचं कसं? यासाठी मोजणीचीच परीक्षा घेतात. तोच उंदीर, तोच माणूस, दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग तोच ठसा, पण दुसरा माणूस, आणि पहिल्याचा आकडा त्याला न सांगता. मग दुसरी प्रयोगशाळा. प्रत्येक पायरीवर आकडे कितपत जुळतात ते पाहायचं.

‘जुळतात’ या शब्दातही एक सापळा आहे. समजा, एका गल्लीत दोन शिंपी आहेत. एकाची टेप नवी, दुसऱ्याची वापरून वापरून ताणलेली. दहा गिऱ्हाइकांची मापं दोघांनी घेतली. पहिल्याच्या वहीत जो सर्वांत उंच, तोच दुसऱ्याच्या वहीत उंच. जो बुटका, तो दोन्हीकडे बुटका. क्रम अगदी एकसारखा. संख्याशास्त्रातलं नेहमीचं गणित म्हणेल, वा, काय जुळणी आहे! पण माप ताणलेल्या टेपेने घेतलं आणि कापड नव्या टेपेने कापलं, तर सगळ्यांचेच सदरे तोकडे होतील.

नेमकी हीच चूक वैद्यकात सर्रास होत होती. १९८६ मध्ये मार्टिन ब्लांड आणि डग्लस ऑल्टमन या दोन इंग्रज संख्याशास्त्रज्ञांनी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात ती दाखवून दिली. त्यांचा उपाय शाळकरी मुलालाही जमेल असा आहे. दोन मोजण्यांचा क्रम जुळतो का हे पाहू नका. प्रत्येक जोडीतली वजाबाकी करा. फरक किती आणि तो कुठवर जातो ते पाहा. मग स्वतःला विचारा, एवढ्या फरकाने माझा निर्णय बदलेल का? बदलत असेल तर ती मोजणी तुमच्या कामाची नाही.

पिंजऱ्यात हात कुणाचा?

यंत्र, तपमान, अंतर हे सगळं सांभाळलं तरी एक गोष्ट उरतेच, ती म्हणजे मोजणारा माणूस. तो किती फरक पाडतो याचा हिशेब अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात काम केलेल्या संशोधकांनी मांडला. चाचणी जुनी आणि सोपी होती. पिटुकल्या उंदराच्या शेपटीचं टोक ४९ अंश सेल्सियस गरम पाण्यात बुडवायचं आणि तो शेपटी किती वेळात झटकतो ते पाहायचं. वेदनेचा संदेश नीट जातो का, हे यावरून कळतं. एलिसा चेस्लर, जेफ्री मोगिल आणि सहकाऱ्यांनी आठ हजारांहून अधिक उंदरांच्या जुन्या नोंदी बाहेर काढल्या. फरक कशामुळे पडतो याची त्यांनी क्रमवारी लावली. उंदराची जात, नर की मादी, ऋतू, दिवसाची वेळ, हवेतला दमटपणा, पिंजऱ्यात किती उंदीर होते आणि त्यांतला हा कितवा उचलला, सगळं तपासलं.

२००२ मध्ये आलेला निष्कर्ष अनेकांना चकित करून गेला. सर्वांत मोठा फरक पडत होता तो चाचणी कोण घेतंय यामुळे. उंदराच्या रक्तात आलेल्या वंशापेक्षाही उंदीर धरणाऱ्याच्या हाताचा परिणाम जास्त होता!

तेवढ्यावर हे थांबलं नाही. २०१४ मध्ये मोगिल यांच्याच गटाने आणखी एक गोष्ट शोधली. प्रयोग करणारा पुरुष असेल तर उंदरांना वेदना कमी जाणवल्यासारखी दिसते. स्त्री असेल तर तसं होत नाही. माणूस खोलीत असण्याचीही गरज नव्हती. पुरुषाने रात्रभर अंगात घातलेला टी-शर्ट नुसता जवळ ठेवला, तरी तोच परिणाम. कारण उंदराचं नाक. नराच्या वासाने त्याच्यावर ताण येतो आणि ताणाखाली वेदना दबते. आता कल्पना करा, की सोमवारी प्रयोग एका मुलीने केला आणि मंगळवारी औषध दिलेल्या उंदरांवर तोच प्रयोग एका मुलाने केला. औषध गुणकारी ठरेल, आणि त्या बिचाऱ्या औषधाने काहीच केलेलं नसेल.

याचा अर्थ या चाचण्या कुचकामी आहेत असा मात्र नाही. १९९० च्या दशकात रसायनांच्या सुरक्षिततेसाठी चालणाऱ्या एका आंतरराष्ट्रीय कार्यक्रमात वेगवेगळ्या देशांतल्या आठ प्रयोगशाळांनी हीच परीक्षा दिली. सात ओळखीची रसायनं घेतली. चाल, पंज्याची पकड, पावलांचा फाक अशा तपासण्यांचा एक संच ठरवला. महत्त्वाची गोष्ट म्हणजे खऱ्या कामाआधी सगळ्यांना एकाच पद्धतीचं प्रशिक्षण दिलं गेलं. आकडे तंतोतंत जुळले नाहीत, पण कोणतं रसायन मज्जासंस्थेला कसं बाधतं याबद्दल प्रयोगशाळांचं चित्र बरंचसं सारखं आलं. मोजणाऱ्यांना आधी तयार केलं, तर शाई आणि पट्टीवरही भरवसा ठेवता येतो.

कोंबडीने सांगितलं, इतरांनी नाही

मोजणी प्रत्येक वेळी तोच आकडा देते, म्हणजे ती खरीच असते का? इथे एक जुनी, दुःखद गोष्ट आठवायला हवी.

१९३० साली अमेरिकेत दारूबंदी होती. लोक पळवाट म्हणून आल्याच्या अर्काचं एक औषध पीत, कारण त्यात भरपूर अल्कोहोल असे. त्या वर्षी हजारो माणसांचे पाय अचानक लुळे पडले. अर्कात कुणीतरी स्वस्तातलं एक औद्योगिक रसायन मिसळलं होतं. ट्रायऑर्थोक्रेसिल फॉस्फेट हे त्याचं नाव. हे विष कपटी आहे. घेतल्यावर एक ते तीन आठवडे काही होत नाही. मग पोटऱ्या दुखतात, पावलं लोंबतात आणि माणूस पाय आपटत चालू लागतो.

सरकारी शास्त्रज्ञांनी ते प्राण्यांना देऊन पाहिलं. काही प्राण्यांना काहीच झालं नाही. कोंबड्यांचे पाय मात्र माणसांसारखेच लुळे पडले. पुढे स्पष्ट झालं, की या विषाला उंदीर माणसाइतका सहज बळी पडत नाही, कोंबडी पडते. म्हणजे उंदरावर शंभर वेळा, शंभर हातांनी अचूक मोजणी केली असती, तरी शंभरही वेळा उत्तर आलं असतं, ‘धोका नाही’. पट्टी बरोबर, मोजणारा बरोबर, जनावर चुकीचं!

हा प्रकार आपल्यापासून दूरचा नाही. याच जातीच्या विषाने मुंबईत झालेल्या बाधेचा शोधनिबंध १९६२ मध्ये प्रसिद्ध झाला. १९८८ मध्ये कलकत्त्याच्या बेहाला भागात भेसळीच्या तेलाने शेकडो लोकांच्या हातापायांतलं बळ गेलं. घरातल्या रोजच्या तेलाच्या बाटलीतून हे विष आलं होतं.

म्हणून या घराण्यातल्या कीटकनाशकांची नियमानुसार होणारी चाचणी आजही प्रौढ कोंबडीवर होते. विषाचा डोस दिल्यावर तिला एकवीस दिवस पाहतात. मधूनमधून शिडीसारख्या उतरंडीवर चढवतात आणि तिच्या चालीला गुण देतात. लंगडते की नाही, किती लंगडते, हे शेवटी माणसाचा डोळाच ठरवतो. म्हणून त्याच्या जोडीला मेंदूतल्या एका विशिष्ट एन्झाइमची मोजणी आणि मज्जातंतूंची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी करतात. एका साक्षीदारावर न्यायाधीश निकाल देत नाही, तसंच हे.

उंदीर बरे झाले, माणसं खंगली

मोजणी कच्ची राहिली तर काय किंमत मोजावी लागते, हे एका रोगाने दाखवलं. स्टीफन हॉकिंग या शास्त्रज्ञाला झालेला हा रोग. डॉक्टर त्याला ‘एएलएस’ म्हणतात. स्नायूंना हुकूम देणाऱ्या मज्जापेशी एकेक करून मरतात. हात जातात, पाय जातात, गिळणं जातं, शेवटी श्वास. बुद्धी बहुतेकांची शाबूत राहते. हॉकिंग पन्नासहून अधिक वर्षं जगले, पण तो अपवाद. बहुतेक रुग्णांच्या हाती काही वर्षंच असतात.

१९९४ मध्ये हा रोग होणारे खास उंदीर तयार करण्यात आले. जगभर आशा पसरली. औषध द्यायचं आणि उंदराचे पाय कधी थरथरू लागतात, आडवा केल्यावर तीस सेकंदांत तो उठून उभा राहतो का, किती दिवस जगतो, हे मोजायचं. एकामागून एक औषधं यशस्वी ठरू लागली. त्यात मिनोसायक्लिन हे जुनं, स्वस्त प्रतिजैविकही होतं. उंदरांवर त्याचे निकाल चांगले आले होते.

मग ते माणसांना दिलं गेलं. अमेरिकेतल्या ४१२ रुग्णांवरची चाचणी २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. अर्ध्यांना औषध, अर्ध्यांना औषधासारखी दिसणारी साधी गोळी. औषध घेणाऱ्यांची प्रकृती सुमारे २५ टक्के जास्त वेगाने ढासळली. ज्यांच्याकडे उरलेच होते थोडे महिने, त्यांचे काही महिने त्या आशेने हिरावले.

पुढच्याच वर्षी, २००८ मध्ये, मॅसॅच्युसेट्समधल्या एका संस्थेने आपला पाच वर्षांचा हिशेब मांडला. त्यांनी सत्तरहून अधिक औषधं, १८ हजार उंदीर आणि २२१ प्रयोग अशी प्रचंड मोजणी केली होती. आधी गुणकारी म्हणून गाजलेली अनेक औषधं त्यांनी पुन्हा तपासली. मिनोसायक्लिनही त्यात होतं. एकाचाही ठोस फायदा दिसला नाही.

मग आधीच्या लोकांना फायदा दिसला कसा? बहुतेकांनी लबाडी केली नव्हती. उंदीर थोडे होते. या जातीत मादी नरापेक्षा काही दिवस जास्त जगते. औषधाच्या गटात दोन-तीन माद्या जास्त आल्या, की ‘आयुष्य वाढलं’. एकाच विणीतली पिल्लं एकाच गटात पडली, की फरक दिसला. काही उंदीर रोगाऐवजी भलत्याच कारणाने मेले, तरी त्यांची गणती झाली. काहींच्या अंगात रोगाच्या जनुकाच्या प्रतीच कमी होत्या. हे सगळं मिळून एवढा गोंधळ होई, की औषध न देताही दोन लहान गटांत ‘औषधाचा गुण’ दिसू शके. त्या संस्थेने सुचवलेले उपाय साधेच होते. गट मोठे ठेवा, प्रत्येक गटात नर आणि मादी सारख्या संख्येने घ्या, एकाच विणीतली भावंडं दोन्ही गटांत वाटा आणि मृत्यूचं कारण तपासा.

मिनोसायक्लिन माणसांत फसलं याची कारणं आणखीही असू शकतात. डोस, वेळ, माणूस आणि उंदीर यांच्यातला फरक. पण माणसांपर्यंत जाण्याआधी जे दार बंद व्हायला हवं होतं, ते कच्च्या मोजणीने उघडं ठेवलं, एवढं खरं.

मुक्या जिवांचा हिशेब

प्राण्यांवर प्रयोग करावेत की नाहीत, यावर मतं वेगळी असतील. पण एका गोष्टीवर दोन्ही बाजूंचं एकमत व्हायला हरकत नाही. ज्या प्रयोगाच्या मोजणीवर भरवसा ठेवता येत नाही, त्यातला प्रत्येक प्राणी फुकट गेला. १९५९ मध्ये विल्यम रसेल आणि रेक्स बर्च या इंग्रज शास्त्रज्ञांनी तीन नियम सांगितले. शक्य तिथे प्राण्यांना पर्याय शोधा, प्राण्यांची संख्या कमी करा आणि त्यांचा त्रास कमी करा. यातला संख्येचा नियम पुष्कळदा चुकीचा समजला जातो. दहाऐवजी चार उंदीर वापरले आणि निकालच लागला नाही, तर चार वाचवले नाहीत, चार वाया घालवले. भारतातही प्राण्यांवरील क्रूरता रोखणाऱ्या १९६० च्या कायद्याखाली अशा प्रयोगांवर देखरेख करणारी समिती आहे आणि संस्थांना आपल्या नीतिसमितीपुढे प्रयोगाची गरज पटवून द्यावी लागते.

प्रयोग कसा केला ते उघडपणे सांगण्यासाठी २०१० मध्ये ब्रिटनमध्ये ‘अराइव्ह’ नावाची मार्गदर्शक सूची तयार झाली आणि २०२० मध्ये तिची सुधारित आवृत्ती आली. किती प्राणी घेतले आणि का, कोणता प्राणी कोणत्या गटात हे चिठ्ठ्या टाकून ठरवलं का, मोजणाऱ्याला गट ठाऊक होता का, कुठला प्राणी हिशेबातून वगळला आणि कशासाठी. वाणसामानाची यादी तपासावी तसे हे प्रश्न आहेत. पण कितीतरी शोधनिबंधांत त्यांची उत्तरं सापडत नसत. अमेरिकेत रसायनांच्या चाचणीचे नियम याही पुढे जातात. प्रयोगशाळेने आधी ओळखीचं विष ओळखून दाखवायचं आणि मगच अनोळखी रसायनाबद्दल बोलायचं. गाडी चालवायला देण्याआधी ड्रायव्हरची परीक्षा घेतात तसं.

वर्तमानपत्रात दर काही दिवसांनी बातमी येते, ‘उंदरांवर प्रयोग यशस्वी, पक्षाघातावर औषध सापडलं’. घरात कुणी अंथरुणाला खिळलेलं असेल तर ती वाचून छाती धडधडते. कात्रण काढून डॉक्टरांकडे नेलं जातं, दूरच्या शहरात फोन लावले जातात, दागिने मोडण्याच्या गोष्टी सुरू होतात. अशा वेळी डॉक्टरांना तीन प्रश्न अवश्य विचारावेत. हा निकाल दुसऱ्या कुणाला, दुसऱ्या ठिकाणी मिळाला आहे का? मोजणाऱ्याला कोणत्या उंदराला औषध दिलं हे माहीत होतं का? आणि माणसांवर चाचणी झाली आहे का? तिन्हींची उत्तरं ‘हो’ असतील तर पुढचं बोलणं डॉक्टरांशी सविस्तर करावं. एकाचंही उत्तर ‘नाही’ असेल, तर कात्रण जपून ठेवावं आणि दागिने कपाटात राहू द्यावेत.